विद्यार्थी-साहाय्य, विद्यापीठीय

विद्यापीठात किंवा विद्यापीठाशी संलग्न अशा महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षणाचा व तदनुषंगिक निर्वाहाचा खर्च भागविण्यासाठी शासन, विद्यापीठ, विश्वस्त निधी, बँका वा खाजगी संस्था यांच्याकडून जे द्रव्यरूप अथवा वस्तुरूप साहाय्य मिळते, त्यास विद्यार्थी-साहाय्य म्हणतात. शिष्यवृत्ती हा त्याचा सर्वपरिचित प्रकार होय. तथापि शुल्कमाफी, निर्वाहभत्ता, वसतिगृह, श्रमाच्या मोबदल्यात मिळणारे विद्यावेतन, शैक्षणिक कर्ज, अधिछात्रवृत्ती आणि प्रवास-सवलत यांचाही त्यात समावेश होतो.

उच्च शिक्षणाचा खर्च तीन प्रकारचा असतो. प्रवेश, शिक्षण व परीक्षा यांसाठी संस्थेस द्यावे लागणारे शुल्क हा पहिला. भोजन, निवास, प्रवास, पुस्तके व वस्त्रे यांवरील खर्च हा दुसरा. विद्यार्थी शिकत असताना त्याने कमाविली असती अशी मिळकत कुटुंबास गमवावी लागते, हा तिसरा. पहिला खर्च पावतीवर दिसतो, म्हणून त्याचीच चर्चा अधिक होते. परंतु शासकीय अनुदान घेणाऱ्या महाविद्यालयांतील सामान्य पदवी-अभ्यासक्रमांत शुल्क तुलनेने कमी असल्याने गरीब कुटुंबावर दुसऱ्या व तिसऱ्या खर्चाचाच भार अधिक पडतो. साहाय्याचा प्रत्येक प्रकार या तिहींपैकी बहुधा एकाच खर्चाची भरपाई करतो. त्यामुळे एखादी योजना किती उदार आहे हे ठरविताना ती कोणता खर्च भागविते, हे प्रथम पाहावे लागते.

पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील परिस्थितीवरून हे स्पष्ट होते. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक असून वारली, कोकणा, मल्हार कोळी, काठकरी, ठाकूर इ. जमाती तेथे राहतात. किनाऱ्यालगतच्या गावांत मासेमारी व शेतीबागायतीवर जगणारे समाज आहेत, तर बोईसर-तारापूर परिसरात अणुविद्युत् केंद्र व मोठी औद्योगिक वसाहत आहे. वैतरणा खाडीच्या मुखाजवळील दातिवरे हे पालघर तालुक्यातील गाव या किनारपट्टीचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून पुढील विवेचनात घेतले आहे.

ऐतिहासिक आढावा : अध्ययन करणाऱ्यास अन्नवस्त्र पुरविणे हे पुण्यकर्म मानण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. नालंदा येथील विहारास लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून तेथील भिक्षूंचा व विद्यार्थ्यांचा योगक्षेम चाले, असे चिनी प्रवाशांच्या वृत्तांतांवरून दिसते. महाराष्ट्रात सेनापती दाभाडे यांनी सुरू केलेली व पुढे पेशव्यांनी चालू ठेवलेली श्रावणमासातील दक्षिणा ही विद्वानांना द्यावयाच्या राजाश्रयाची प्रसिद्ध पद्धती होती. पेशवाईच्या अस्तानंतर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने ही दक्षिणा एकदम बंद न करता तिच्यातील काही रक्कम शिक्षणाकडे वळविली. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये निघालेली संस्कृत पाठशाळा हे त्याचेच फळ होय. पुढे याच निधीतून दक्षिणा-अधिछात्रवृत्त्या देण्यात येऊ लागल्या. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा-अधिछात्र होते. एका जातीच्या विद्वानांसाठी असलेल्या दानाचे रूपांतर या प्रकारे परीक्षेतील यशावर आधारलेल्या शैक्षणिक वृत्तीत झाले.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाल्यानंतर धनिकांनी विद्यापीठाकडे निधी सोपवून त्याच्या व्याजातून शिष्यवृत्त्या देण्याची प्रथा पडली. मॅट्रिक परीक्षेत संस्कृत विषयात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ही त्यांतील सर्वांत प्रतिष्ठेची होय. चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ मध्ये ती मिळविली होती. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशातील उच्च शिक्षणासाठी स्वतंत्र निधी उभारला. त्यातून मिळणारी रक्कम ही देणगी नसून कर्ज असे व परत आलेल्या पैशातून पुढील विद्यार्थ्यास मदत करता येई. सुरुवातीच्या लाभधारकांत कृष्णाबाई केळवकर यांचा समावेश होता.

गुणवत्तेवर आधारलेल्या या शिष्यवृत्त्या ज्यांना मुळात परीक्षेपर्यंत पोहोचता येई, त्यांच्याच उपयोगी पडत. ही मर्यादा ओळखून काही संस्थानिकांनी व समाजसुधारकांनी वेगळा मार्ग स्वीकारला. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. ग्रामीण विद्यार्थ्यास शाळेच्या फीपेक्षा शहरात राहण्याची व जेवण्याची अडचण मोठी वाटते, हे त्यामागील निरीक्षण होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर यांस प्रथम मुंबईत बी. ए.च्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये आणि १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी, अशी तिच्यासोबत अट होती. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. तेथील मुलांनी श्रम करून आपला खर्च भागवावा, या पद्धतीस पुढे ‘कमवा व शिका’ असे नाव रूढ झाले. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालयात (१९४७) ती महाविद्यालयीन स्तरावर आणली गेली.

शासकीय पातळीवरील महत्त्वाचा टप्पा म्हणजे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होय. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना १९४४ मध्ये भारत सरकारने अनुसूचित जातींसाठी ही योजना सुरू केली. १९४८ मध्ये ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. परीक्षेतील क्रमांक न पाहता प्रवेश मिळालेल्या प्रत्येक पात्र विद्यार्थ्यास साहाय्य देण्याचे तत्त्व तिच्यामुळे प्रस्थापित झाले. शिष्यवृत्ती हे पारितोषिक नसून हक्क आहे, ही कल्पना येथून रुजली. जात हा निकष न ठेवता केवळ उत्पन्न पाहून फी-सवलत देण्याची योजना मुंबई राज्यात १९५९ मध्ये अंमलात आली. ‘ई. बी. सी. सवलत’ या नावाने ती घरोघरी माहीत झाली. तिची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पुढे १,२०० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. ग्रामीण महाराष्ट्रात साठोत्तरी काळात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची जी वाढ झाली, तीत या सवलतीचा वाटा मोठा मानला जातो. केंद्र सरकारने राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना १९६१ मध्ये व राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना १९६३ मध्ये सुरू केली.

साहाय्याचे प्रकार : (१) गुणवत्ता-शिष्यवृत्त्या : परीक्षेतील गुणानुक्रमावर दिल्या जाणाऱ्या या शिष्यवृत्त्यांचा मूळ हेतू बुद्धिमान विद्यार्थ्यास प्रोत्साहन देणे हा असला, तरी अलीकडे त्यांस उत्पन्नाची मर्यादाही जोडलेली असते. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्ती योजनेत (२००८) दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्यांची तरतूद आहे. बारावीच्या परीक्षेत आपल्या मंडळातील वरच्या वीस टक्क्यांत स्थान असणे आणि कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाख रुपयांच्या आत असणे, या तिच्या प्रमुख अटी आहेत. पदवी-अभ्यासक्रमासाठी वर्षाला १०,००० रुपये मिळत, ते २०२२-२३ पासून १२,००० रुपये झाले.

(२) शुल्कमाफी व शुल्कप्रतिपूर्ती : या प्रकारात विद्यार्थ्याच्या वतीने शासन शुल्काची रक्कम भरते. महाराष्ट्रातील जुन्या ई. बी. सी. सवलतीचे २०१६ मध्ये राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत रूपांतर झाले. तिच्या उत्पन्नाची मर्यादा नंतर आठ लाख रुपयांपर्यंत वाढली. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम तिच्याद्वारे मिळते. विशेष मागास प्रवर्गातील, उन्नत गटात न मोडणाऱ्या विद्यार्थ्यांस पूर्ण व इतर मागासवर्गीयांस निम्मे शुल्क अशी तरतूद होती. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील आठ लाख रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळाली. शुल्कमाफीचा लाभ मोजण्यास सोपा असतो. परंतु पूर्वोक्त तीन खर्चांपैकी पहिल्याच खर्चाशी तिचा संबंध येतो.

(३) मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : हिच्यात शुल्क व निर्वाहभत्ता या दोहोंचा समावेश होतो. अनुसूचित जाती व जमाती या दोन्हींसाठी पूर्ण लाभाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. अनुसूचित जातींच्या योजनेत डिसेंबर २०२० मध्ये केंद्र व राज्य यांचा हिस्सा ६० : ४० असा निश्चित झाला आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे ठरले. अनुसूचित जमातींच्या योजनेतील २०१० मध्ये ठरलेल्या दरांनुसार बी. ए., बी. कॉम., बी. एस्‌सी. यांसारख्या सामान्य पदवी-अभ्यासक्रमासाठी वसतिगृहात राहणाऱ्यास दरमहा ५७० रुपये व घरून येणाऱ्यास ३०० रुपये भत्ता मिळे. वैद्यक, अभियांत्रिकी इ. अभ्यासक्रमांसाठी हेच दर अनुक्रमे १,२०० व ५५० रुपये होते. म्हणजे घरून ये-जा करणाऱ्या बी. ए.च्या विद्यार्थ्यास दहा महिन्यांचे ३,००० रुपये मिळत.

(४) वसतिगृहे व निवासभत्ता : आदिवासी विकास, सामाजिक न्याय व इतर मागास बहुजन कल्याण या विभागांची शासकीय वसतिगृहे जिल्हा व तालुका स्तरांवर आहेत. पालघर जिल्ह्यात आदिवासी विकास विभागाचे कार्य जव्हार व डहाणू येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांमार्फत चालते. पालघर तालुका डहाणू प्रकल्पात मोडतो. वसतिगृहांतील जागा मागणीच्या मानाने अपुऱ्या पडू लागल्याने शासनाने २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू केली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यास भोजन, निवास व निर्वाह यांसाठी रोख रक्कम देण्याची तिच्यात तरतूद आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत वर्षास ६०,००० रुपये, अन्य महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० रुपये व जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे तिचे दर ठरविण्यात आले. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना त्याच सुमारास आली. इतर मागास, विमुक्त व भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना २०२३ च्या अखेरीस मंजूर झाली. खुल्या प्रवर्गातील अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. दुसऱ्या प्रकारच्या खर्चाचा गांभीर्याने विचार करणाऱ्या योजना म्हणून या चारही महत्त्वाच्या आहेत.

(५) श्रमाधिष्ठित साहाय्य : भाऊराव पाटील यांच्या प्रयोगापासून प्रेरणा घेऊन महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी ‘कमवा व शिका’ योजना राबविल्या. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, उद्यान इ. ठिकाणी दिवसातून दोन-तीन तास काम करून विद्यार्थ्यास तासाच्या दराने मोबदला मिळतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ अन्वये प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद झाली असून अशा उपक्रमांची व्यवस्था त्याच्याकडे असते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खाली पदवी वा पदविका घेतलेल्या तरुणास उद्योगांत विद्यावेतनावर प्रशिक्षण मिळते. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधरांचा त्यात समावेश झाला. २०१९ च्या नियमांनी पदवीधरांसाठी किमान मासिक विद्यावेतन ९,००० रुपये ठरविले होते. बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक परिसरालगत राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे. बुडणाऱ्या मिळकतीची भरपाई करणारा साहाय्याचा हाच मुख्य प्रकार होय. सकाळच्या वेळी भरणारी महाविद्यालये आणि नासिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांनीही नोकरी सांभाळून शिकण्याची सोय करून अप्रत्यक्षपणे हेच कार्य केले आहे.

(६) शैक्षणिक कर्ज : भारतीय बँक संघाने २००१ मध्ये आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली व तिच्या आधारे सार्वजनिक क्षेत्रातील बँका कर्ज देऊ लागल्या. चार लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. पुढे शासनाच्या हमी-निधीमुळे साडेसात लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळण्याची सोय झाली. परतफेड शिक्षणकाळानंतर व त्यावर एक वर्ष लोटल्यानंतर सुरू होते. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, व्यावसायिक वा तांत्रिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांचे या स्थगिती-काळातील व्याज केंद्र शासन २००९-१० पासून भरत आले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेने निवडक दर्जेदार संस्थांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत देऊ केली. अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन यांसारख्या नोकरीची शक्यता अधिक असणाऱ्या अभ्यासक्रमांस कर्ज सहज मिळते; कला शाखेच्या विद्यार्थ्यास ते क्वचितच मिळते व तो ते घेण्यासही धजत नाही. ज्या घरात पूर्वी कोणी पदवीधर झालेला नाही, तेथे भावी मिळकतीच्या भरवशावर ऋण काढणे हे मोठे धाडस ठरते.

(७) अधिछात्रवृत्त्या व परदेशी शिक्षण : संशोधन करणाऱ्यास मिळणाऱ्या वृत्तीस अधिछात्रवृत्ती म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची मासिक रक्कम १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये व वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची ४२,००० रुपये करण्यात आली. महाराष्ट्रात ‘बार्टी’, ‘सारथी’, ‘महाज्योती’ या स्वायत्त संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्त्या देतात. परदेशातील शिक्षणासाठी केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून, तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. लाभधारकांची संख्या थोडी असली, तरी एकेका विद्यार्थ्यामागील खर्च या प्रकारात सर्वाधिक असतो.

(८) इतर साहाय्य : जातिसंस्था व देवस्थाने यांचे विश्वस्त निधी, माजी विद्यार्थी संघ, माजी सैनिक व बांधकाम कामगार यांची कल्याण मंडळे यांच्याकडूनही विद्यार्थ्यांस मदत होते. कंपनी अधिनियम, २०१३ प्रमाणे विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी लागते व शिक्षण हा त्यांतील एक मान्य विषय आहे. प्रवास-सवलत ही लहान दिसणारी, पण ग्रामीण विद्यार्थ्यास नित्य उपयोगी पडणारी मदत होय. राज्य परिवहन महामंडळ विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर दोनतृतीयांश सवलत देते. रेल्वे मुलींना पदवीपर्यंत व मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देते.

पालघर किनारपट्टीवरील स्थिती : पालघर येथे सोनोपंत दांडेकर यांच्या नावाने चालणारे महाविद्यालय आहे. वारकरी संप्रदायाचे अभ्यासक व पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले दांडेकर हे केळवे-माहीमचे. जिल्ह्यात वसई, विरार, बोर्डी, तलासरी, जव्हार व मोखाडा येथेही महाविद्यालये असून ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. दातिवरे येथील विद्यार्थ्यास पदवी-शिक्षणासाठी बहुधा पालघर, विरार-वसई किंवा मुंबई येथे जावे लागते. त्यासाठी प्रथम बसने सफाळे रेल्वे स्थानक गाठून तेथून गाडी धरावी लागते. विरारपर्यंत असलेली उपनगरी रेल्वेसेवा एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत वाढल्यामुळे असा रोजचा प्रवास पूर्वीपेक्षा सुकर झाला. त्यामुळे या भागातील अनेक विद्यार्थी वसतिगृहात न राहता घरून ये-जा करतात.

अशा विद्यार्थ्याची स्थिती साहाय्याच्या दृष्टीने विचित्र असते. वसतिगृहाचा लाभ त्यास मिळत नाही. निवासभत्त्याच्या योजना घराबाहेर राहणाऱ्यासाठी असल्याने त्यांचाही उपयोग होत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत घरून येणाऱ्याचा दर सर्वांत कमी. शहरात खोली घेऊन राहणाऱ्यास वर्षास ४३,००० रुपये आणि रोज प्रवास करणाऱ्यास ३,००० रुपये, इतकी तफावत एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन आदिवासी विद्यार्थ्यांत पडू शकते. प्रवासात जाणारा वेळ हिशेबात धरला, तर घरून येणाऱ्यास अर्धवेळ काम करून कमाविणेही दुष्कर होते.

एकाच गावात निरनिराळ्या कुटुंबांचा संबंध निरनिराळ्या खात्यांशी येतो, ही दुसरी अडचण होय. वारली किंवा मल्हार कोळी विद्यार्थ्याने आदिवासी विकास विभागाची, मांगेला वा वैती विद्यार्थ्याने विशेष मागास प्रवर्गासाठीची आणि खुल्या प्रवर्गातील शेतकऱ्याच्या मुलाने उच्च शिक्षण विभागाची योजना शोधावी लागते. नावात साम्य असलेल्या कोळी जमातींचे प्रवर्ग भिन्न आहेत : मल्हार कोळी व महादेव कोळी या अनुसूचित जमाती, तर मच्छिमार कोळी, मांगेला कोळी व वैती कोळी हे विशेष मागास प्रवर्गात गणले जातात. म्हणून जातीच्या दाखल्यावरील नोंद अचूक असणे आवश्यक ठरते. त्याशिवाय उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जातवैधता प्रमाणपत्र आणि आधार-संलग्न बँक खाते लागते. हे सर्व अर्ज ‘महाडीबीटी’ या राज्याच्या संगणकीय प्रणालीद्वारे स्वीकारले जातात. दाखले बारावीच्या वर्षातच मिळवून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्ग पुष्कळच सुकर होतो.

साहाय्य मिळण्याची वेळ हा तिसरा व सर्वांत निर्णायक प्रश्न होय. महाविद्यालयीन प्रवेश जून-जुलैमध्ये होतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदीचा काळ असतो. म्हणजे मच्छिमार कुटुंबाची आवक ज्या दोन महिन्यांत थांबते, त्याच महिन्यांत प्रवेशाचे पैसे, पुस्तके व पास यांचा खर्च उभा राहतो. पूर्वेकडील तालुक्यांतील आदिवासी मजुरांचा प्रश्न याहून वेगळा आहे. भातकापणीनंतर वीटभट्ट्या व बांधकामे यांवर कामासाठी स्थलांतर करणारी कुटुंबे मार्च-एप्रिलच्या परीक्षांच्या वेळी गावात नसतात, आणि घरच्या लहान भावंडांची जबाबदारी शिकणाऱ्या मुलामुलींवर पडते. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर भरावयाचा, त्याची महाविद्यालय व विभाग या दोन पातळ्यांवर छाननी व्हावयाची आणि मग रक्कम जमा व्हावयाची, या क्रमामुळे मदत येते तेव्हा खर्चाचा हंगाम उलटून गेलेला असतो. दरम्यानची उसनवारी सावकार, मच्छी-व्यापारी वा नातेवाईक यांच्याकडून करावी लागते. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असे शासनाचे निर्देश आहेत. परंतु प्रवास व पुस्तके यांच्या खर्चास ते लागू पडत नाहीत.

अन्य देशांतील पद्धती : अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षण शुल्क व निर्वाहभत्ता मिळाल्याने उच्च शिक्षण प्रथमच सामान्य जनतेच्या आवाक्यात आले. तेथे १९६४ मध्ये श्रमाधिष्ठित साहाय्याची संघीय योजना आणि १९७२ मध्ये गरजू विद्यार्थ्यांसाठीचे, पुढे पेल अनुदान म्हणून प्रसिद्ध झालेले अनुदान सुरू झाले. तथापि बहुसंख्य विद्यार्थ्यांचा भार कर्जांवरच राहिला. जर्मनीत १९७१ च्या कायद्याखालील साहाय्य सामान्यतः अर्धे अनुदान व अर्धे बिनव्याजी कर्ज या रूपाने मिळते. ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये उत्पन्नानुसारी परतफेडीची पद्धत स्वीकारली. पदवीधराचे उत्पन्न ठराविक मर्यादेवर गेल्यावरच करासोबत हप्ता वसूल होत असल्याने बेकारीच्या काळात ऋणकोवर भार पडत नाही. इंग्लंडमध्ये १९९८ पासून शुल्क आकारणी सुरू झाली आणि २०१६ मध्ये नव्या विद्यार्थ्यांचे निर्वाह-अनुदान बंद होऊन त्याची जागा कर्जाने घेतली.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील विद्यार्थी-साहाय्याचा इतिहास पाहता गुणवत्तेकडून गरजेकडे, शुल्काकडून निर्वाहाकडे व दानाकडून हक्काकडे असा त्याचा प्रवास झालेला दिसतो. योजनांची संख्या आज अपुरी म्हणता येणार नाही. उणिवा आहेत त्या त्यांच्या रचनेत. निर्वाहभत्त्याचे दर वर्षानुवर्षे स्थिर राहतात आणि महागाई मात्र वाढत जाते. त्यामुळे भत्त्याचे प्रत्यक्ष मूल्य नकळत घटते. किंमत-निर्देशांकाशी दर जोडणे, हा यावर सुचविला जाणारा उपाय आहे. एकाच गावातील विद्यार्थ्यांना भिन्न विभागांकडे जावे लागत असल्याने माहितीचा अभाव ही स्वतंत्र अडचण होऊन बसते. ती दूर करण्याचे काम कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक व महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकारी यांच्याखेरीज दुसरे कोणी सहज करू शकत नाही.

शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली आणि भाऊराव पाटलांनी श्रमाची जोड दिली, तेव्हा त्यांनी शुल्काइतकाच अन्न, निवारा व मिळकत यांचा विचार केला होता. आजच्या योजनांत या तिन्ही अंगांची तरतूद स्वतंत्रपणे आहे. परंतु घरून ये-जा करणारा विद्यार्थी आणि प्रवेशापासून पहिल्या हप्त्यापर्यंतचे महिने या दोन ठिकाणी ती तोकडी पडते. प्रवेशाच्या वेळीच निर्वाहभत्त्याचा काही अंश आगाऊ देणे व प्रवास करणाऱ्यांसाठी भत्त्याचा वेगळा दर ठरविणे, या दोन सुधारणा झाल्यास दातिवऱ्यासारख्या गावांतील विद्यार्थ्यांना अस्तित्वात असलेल्याच योजनांचा लाभ वेळेवर व पुरेसा मिळू शकेल.